मॉनिटरवर ४८ ठोके: कुत्रीच्या दाढा काढताना पाहिलेली भूलव्यवस्था

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीच्या, चिंगीच्या, हलणाऱ्या दोन दाढा काढण्यासाठी आम्ही पुण्यातील एका पशुवैद्यकीय शस्त्रक्रिया केंद्रात गेलो होतो. दाढांचे काम उत्तम झाले. मला लिहायचे आहे ते तिथल्या भूलव्यवस्थेविषयी.

आदल्या तपासणीत डॉक्टरांनी मला स्टेथोस्कोप लावून ऐकवले, की श्वास आत घेताना चिंगीचे ठोके जलद होतात आणि सोडताना रेंगाळतात. निरोगी कुत्र्यांत हे सर्रास आढळते आणि ते आधीच नोंदवलेले बरे, नाहीतर पुढच्या प्रत्येक चढउताराचे खापर औषधावर फुटते.

गुंगी आणणाऱ्या डेक्समेडेटोमिडीनचे इंजेक्शन दिल्यावर काचेपलीकडच्या मॉनिटरवर मघाचे ९२ ठोके ४८ वर उतरले, तेव्हा माझा धीर सुटला. हृदयाच्या आलेखात मध्येच एक बारीक लाट उमटे, पण तिच्यामागून यायचा उंच सुळका येतच नसे. भूलतज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितले, की या औषधाने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, तो आवरण्यासाठी हृदय आपणहून संथ होते आणि वरच्या कप्प्यांचा एखादा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही. रक्तदाब चांगला असताना ठोके वाढवणारे अ‍ॅट्रोपीन टोचले, तर त्याच आकसलेल्या वाहिन्यांविरुद्ध हृदयाला धावावे लागते. म्हणून त्यांनी हात आवरला. उतारा म्हणून अ‍ॅटिपामेझोलची सिरिंज मात्र ट्रेमध्ये तयार होती. पूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात नखे कापण्यासाठी झायलाझीन दिले होते, म्हणजे याच जातीचे औषध, आणि तिथे कोणी साधी नाडीही धरली नव्हती!

पुढे आयसोफ्लुरेन या भुलीच्या वायूवर रक्तदाब उतरू लागताच बाईंनी वायूचे प्रमाण घटवले; जबड्यात बधिरतेचे इंजेक्शन आधीच दिलेले असल्याने ते शक्य झाले.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. बिलात कापूस आणि हातमोज्यांचीही स्वतंत्र नोंद होती, पण डिस्चार्जच्या कागदावर भुलीविषयी ‘भूल दिली, त्रास नाही’ एवढेच लिहिले होते. औषधांची नावे, मात्रा आणि ठोक्यांचा तक्ता मला दोनदा मागावा लागला, आणि तो मिळाला तेव्हा त्यात ४८ हा आकडा नव्हताच.