सिंडरेला, ‘लाँग कोल्ड विंटर’ (१९८८): हेअरस्प्रेखालचा ब्लूज

‘नाइट साँग्ज’ (१९८६) ऐकून सिंडरेलाला केस फुगवलेल्या बँडांच्या रांगेत बसवलं असेल, तर हा दुसरा अल्बम पहिल्याच मिनिटात गोंधळात टाकतो. सुरुवात अकूस्टिक गिटारवरच्या स्लाइडने (तारांवर नळी सरकवून काढलेल्या सुरांनी) होते आणि पूर्ण बँड शिरतो तो नंतर. फिलाडेल्फियाच्या या मंडळींचं मूळ रोलिंग स्टोन्स आणि लेड झेपेलिनमध्ये आहे हे इथे लपत नाही. निर्माता अँडी जॉन्सने तर त्या दोन्ही बँडांचं रेकॉर्डिंग केलेलं.

खरी कमाई दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, शीर्षकगीतात. संथ मायनर ब्लूज. गायक-गिटारिस्ट टॉम कीफर खालच्या पट्टीत सुरू करतो, ओळी सुट्या सोडतो, त्या मोकळ्या जागेत गिटार उत्तर देते. घसा फाटेस्तोवरचं ओरडणं तो शेवटाकडे राखून ठेवतो. झेपेलिनच्या तिसऱ्या अल्बममधला संथ ब्लूज माहीत असेल तर ऋण लगेच ओळखू येईल, पण उसनवारी प्रामाणिक आहे.

बिघडतं ते ड्रमच्या आवाजात. वाजवणारे तगडे: बँडचा ड्रमर फ्रेड कूरी असला तरी इथे कोझी पॉवेल आणि डेनी कार्मासी आहेत. पण स्नेअरवर (कडक ठोक्याच्या ड्रमवर) त्या काळचा भरमसाट रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा. ब्लूजमध्ये दोन ठोक्यांमधली शांतता लागते, ती या घुमण्यात बुजते. ‘फायर अँड आइस’ तर सरळ जुना साचा. अमेरिकेत १२व्या क्रमांकावर गेलेलं ‘डोन्ट नो व्हॉट यू गॉट’ हे बॅलड चांगलं आहे, फक्त ते ब्लूज नव्हे.

गिटारवर स्लाइड बसवू पाहणाऱ्यांसाठी: नळी फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) नेमकी वर धरा. बोटासारखी दोन फ्रेटच्या मध्ये धरली तर सूर उतरतो. नळीमागची बोटं तारांवर हलकी टेकवा, नाहीतर नको ते सूर घुमत राहतात. पातळ तारा आणि खाली बसवलेली अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) असेल तर नळी फ्रेटवर खडखडणारच.

सुरुवातीचं गाणं, शीर्षकगीत आणि ‘कमिंग होम’ एवढं आधी ऐका. पटलं तर ‘हार्टब्रेक स्टेशन’ (१९९०) घ्या. मुळांकडे परतणं तिथे पुरं होतं, आणि शीर्षकगीताच्या स्ट्रिंग्जचं संयोजन चक्क झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सचं आहे. खपला मात्र तो आधीच्या दोघांपेक्षा कमी.