द्राक्षाच्या नव्या लागवडीसाठी मायकोरायझाचा संच : पावडर घ्यावी, बाटल्या दुकानातच ठेवाव्यात

निफाड भागातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत डॉगरिज खुंटाची (ज्यावर पुढे द्राक्षाचे कलम करतात त्या रोपांची) नवी लागवड करताना आम्ही एका कंपनीचा जैविक संच वापरला. त्यात मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या उपयुक्त बुरशीची पावडर, अ‍ॅझोटोबॅक्टर या हवेतील नत्र बांधणाऱ्या जिवाणूची एक बाटली आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळविणाऱ्या जिवाणूंची दुसरी बाटली येते. तिन्हींचा दर्जा सारखा नसल्यामुळे कंपनीचे नाव न घेता प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे लिहीत आहे.

पावडर चांगली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटरोपे लावताना पिशवी फाडल्यावर मातीचा गड्डा ओलाच असतो. त्यावर बाहेर दिसणाऱ्या पांढऱ्या मुळ्यांना लागेल अशी ती भुरभुरली की चिकटून बसते, आणि मग रोप चरात ठेवून माती लोटावी. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही आणि जमिनीतून स्वतःहून लांब सरकतही नाही, त्यामुळे ती मुळाला टेकलेली असणे हाच सगळ्या खर्चाचा गाभा आहे. द्राक्षाच्या मुळांवर केशमुळे कमी असतात. स्फुरद तर जमिनीत जवळजवळ हलतच नाही, आणि आपल्याकडे तो चुन्याशी बांधला जातो. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाला की पलीकडचा साठा नुसता पडून राहतो. त्या रिकाम्या थरापलीकडे बुरशीचे तंतू पोहोचतात आणि स्फुरदाबरोबर जस्तही मुळापर्यंत आणून देतात.

तुलनेसाठी काही ओळी पावडरीविना ठेवल्या होत्या. प्लॉटच्या खोल, कसदार भागात दोन्हींमध्ये फरक शोधूनही सापडला नाही. जिथे पूर्वीची द्राक्षबाग होती तिथे बुरशी जमिनीत आधीच असावी, असे मला वाटते. मात्र बांधालगतच्या मुरमाड, पांढरट पट्ट्यात पावडर दिलेले खुंट ऑगस्ट अखेरीस कलमासाठी लागणाऱ्या पेन्सिलच्या जाडीला पोहोचले होते आणि शेजारच्या ओळीतले अनेक खुंट अजून काडीसारखेच होते. नव्या पानांवरचा पिवळेपणा मात्र दोन्हीकडे सारखाच राहिला. त्यासाठी शेवटी चिलेटेड लोहच द्यावे लागले, तेव्हा माहितीपत्रकातील ‘सर्व कमतरतांवर एकच उपाय’ ही ओळ वाचून सोडून द्यावी.

बाटल्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून काम करतात, आणि चुनखडीच्या जमिनीत ते आम्ल स्फुरदापर्यंत पोहोचण्याआधी चुनाच पिऊन टाकतो. सामू (pH) कमी असलेल्या जमिनीत निकाल वेगळा येऊ शकेल. आमच्याकडे पैसे पाण्यात गेले. अ‍ॅझोटोबॅक्टरला खाद्य म्हणून सेंद्रिय पदार्थ हवा. चरात कुजलेले शेणखत भरपूर घातलेले असेल तर त्याचा थोडाफार उपयोग होत असावा, पण तो युरियाची जागा घेईल अशी अपेक्षा ठेवू नये. द्रवरूप जिवाणू खतात खत नियंत्रण आदेशानुसार प्रति मिलिलिटर किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. आम्हाला मिळालेल्या बाटल्या दुकानाच्या दारातील उन्हात मांडलेल्या होत्या, त्यामुळे त्यात किती जिवंत उरले असतील हा प्रश्नच आहे.

सर्वांत खटकले ते सोबतचे वेळापत्रक. मायकोरायझा दिल्यानंतर लगेच ठिबकमधून 12:61:00 हे भरपूर स्फुरद असलेले विद्राव्य खत सोडण्याची शिफारस त्यात छापलेली आहे. मुळाला स्फुरद आयता मिळाला की ते बुरशीला साखर पुरवायला तयार नसते आणि तिची वाढ खुंटते, ही या विषयातील प्राथमिक गोष्ट आहे. त्याच कागदावर मूळकुजीसाठी कार्बेन्डाझिमची आळवणीही सुचवलेली आहे, म्हणजे विकत घेतलेली बुरशी बुरशीनाशकाने धुवायची! दोन्ही खते-औषधे विकणारी कंपनी एकच आहे, एवढे नमूद करतो. पावडर ठिबकमधून देता येते, हा दावाही फोल आहे: पावडरीतले मुळांचे तुकडे डिस्क फिल्टरमध्ये अडकले आणि उरलेला भुगा ड्रीपरच्या तोंडाशी बसला.

खरेदी करताना पाकिटावर जिवंत घटकांची संख्या, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी, आणि चालू हंगामातील माल मागावा. मुळात बुरशी बसली का, हे डोळ्यांनी कळत नाही. बारीक मुळ्या रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात, आणि ही तपासणी करून देण्याची सोय कंपनीने ठेवली असती तर पावडरीला पाचपैकी चारऐवजी पूर्ण गुण दिले असते. संपूर्ण संचाला दोनच. पुढच्या लागवडीला आम्ही फक्त पावडर घेणार आहोत, तीही रोपवाटिकेला आधीच देऊन पिशव्या भरतानाच मातीत मिसळायला सांगणार आहोत, म्हणजे रोप शेतात येईपर्यंत बुरशी मुळांत बसलेली असेल आणि चरात पावडरही निम्मीच लागेल.