लो-रेसिडेन्सी एम.एफ.ए.ची रेसिडेन्सी: दहा दिवसांत नेमके काय मिळते?

अमेरिकेत सर्जनशील लेखनाची एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही पदव्युत्तर पदवी ‘लो-रेसिडेन्सी’ पद्धतीने नोकरी आणि घर सांभाळूनही घेता येते. त्यासाठी वर्षातून दोनदा साधारण दहा-दहा दिवस महाविद्यालयाच्या परिसरात राहावे लागते, यालाच रेसिडेन्सी म्हणतात, आणि मधले महिने मार्गदर्शक म्हणून मिळालेल्या एका लेखक-शिक्षकाशी पत्रव्यवहाराने काम चालते. कथा, कविता किंवा ललित गद्य यांपैकी एक विषय घेऊन दोन वर्षांत चार सत्रे पूर्ण करायची आणि पाचव्या रेसिडेन्सीला पदवी घ्यायची, अशी बहुतेक ठिकाणची रचना आहे. अशाच एका अभ्यासक्रमाच्या रेसिडेन्सीला मी विद्यार्थिनी म्हणून राहिले असून हे परीक्षण त्या निवासी दिवसांपुरते आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

या पद्धतीला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आयोवा विद्यापीठाचा प्रसिद्ध पूर्णवेळ लेखन अभ्यासक्रम १९३६ पासून चालू आहे, परंतु तिथे जाऊन राहणे ज्यांना शक्य नव्हते अशांसाठी कवयित्री एलन ब्रायंट व्हॉइट यांनी १९७६ मध्ये व्हर्माँटमधील गॉडर्ड कॉलेजात पहिला लो-रेसिडेन्सी लेखन अभ्यासक्रम उभा केला. १९८१ मध्ये तो नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन विल्सन कॉलेजात गेला. व्हर्माँटमधल्याच बेनिंग्टन कॉलेजचा असाच अभ्यासक्रम १९९४ चा. दिवसाची आखणीही सगळीकडे बरीचशी सारखी असते: सकाळी वर्कशॉप, म्हणजे एकमेकांच्या लिखाणावर गटात चर्चा, दुपारी व्याख्याने, रात्री अभिवाचने.

वर्कशॉपची तयारी रेसिडेन्सीच्या कित्येक आठवडे आधी सुरू होते. प्रत्येकाने वीस-पंचवीस पानांचे हस्तलिखित पाठवायचे, गटातल्या इतरांची हस्तलिखिते दोनदा वाचायची, समासात टिपणे करायची आणि लेखकाला उद्देशून एक पत्र लिहून न्यायचे. आपल्या लिखाणावर दहा माणसांनी इतका वेळ खर्च करावा, हा अनुभव एरवी मिळत नाही आणि नुसत्या या एका गोष्टीसाठीही रेसिडेन्सीला माझ्याकडून चांगले गुण आहेत. प्रत्यक्ष चर्चेचा दर्जा मात्र ती चालवणाऱ्यावर फार अवलंबून असतो. जुन्या रिवाजाप्रमाणे चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचे. आमच्या गटात एका कथेवर अर्धा तास या मुद्द्यावर गेला की निवेदकाचा व्यवसाय विश्वसनीय वाटतो की नाही. लेखकाला शंका होती ती शेवटच्या दोन पानांबद्दल, आणि ती विचारण्याची मुभा त्याला मिळाली तेव्हा वेळ संपत आली होती.

दुसऱ्या शिक्षिकेने नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास घडवलेली पद्धत वापरली. तिच्यात आधी वाचकांनी काय जाणवले ते सांगायचे, मग लेखकाने प्रश्न विचारायचे, त्यानंतर वाचकांनी मताचा रंग न चढवता प्रश्न विचारायचे आणि शेवटी लेखकाची परवानगी घेऊनच मत मांडायचे, असा क्रम आहे. तिथे एका लेखिकेने एवढेच विचारले की बहीण खोटे बोलते आहे हे तुम्हाला कोणत्या पानावर कळले. उत्तरादाखल चार वेगवेगळी पाने सांगितली गेली. त्या चार आकड्यांतून तिला जे समजले ते तासभराच्या अभिप्रायातून समजले असते असे मला वाटत नाही. या पद्धतीत परखडपणा कमी पडतो, असा आक्षेप काही सहाध्यायी घेत होते. तो मला पटला नाही.

दुपारच्या व्याख्यानांचा दर्जा खालीवर होत राहिला. गंमत अशी की ज्या नामवंतांसाठी लोक प्रवेश घेतात, त्यांतल्या काहींनी जुनी टिपणे वाचून वेळ भागवली, तर पदवीच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्यांनी, ज्यांना पदवीची अट म्हणून एक वर्ग घ्यावाच लागतो, एकेका बारीक प्रश्नाचा अनेक महिने पिच्छा पुरवलेला होता. तृतीयपुरुषी निवेदन पात्राच्या मनात नेमके कोणत्या शब्दापाशी शिरते, यावरचा एक वर्ग संपूर्ण रेसिडेन्सीत मला सर्वांत उपयोगी वाटला. रात्रीची अभिवाचने प्रमाणाबाहेर लांबतात. आठवडा उलटल्यावर सभागृहात बसलेल्यांपैकी निम्मे लोक केवळ सौजन्यापोटी जागे असतात.

राहण्याजेवण्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे: वसतिगृहातली लहान खोली, सामाईक स्नानगृह, पातळ गादी, पोटभर पण बेचव जेवण. हलकी झोप असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे न्यावेत.

रेसिडेन्सीचे खरे मोल ठरते ते मार्गदर्शकाच्या निवडीवरून, आणि तक्रारही तिथेच आहे. विद्यार्थ्यांनी पसंतीक्रम द्यायचा, संचालकांनी जोड्या लावायच्या आणि अखेरच्या दिवसांत मार्गदर्शकासोबत बसून सत्राचा आराखडा ठरवायचा, अशी रीत आहे. कोणती पुस्तके वाचायची, दर तीन-चार आठवड्यांनी मार्गदर्शकाला पाठवायच्या लिखाणाच्या गठ्ठ्यात, म्हणजे पॅकेटमध्ये, किती नवे, किती पुनर्लिखित आणि किती समीक्षात्मक लेखन असेल, हे सर्व तेव्हाच लिहून ठरते. ‘शंभर पुस्तके वाचा, एक लिहा’ हे बेनिंग्टनचे ब्रीद या वाचनयादीचे वजन नेमके सांगते. पुढचे सहा महिने ज्या आराखड्यावर चालायचे, त्यासाठी आमच्या वेळापत्रकात शेवटच्या दिवशी जेमतेम अर्धा तास ठेवला होता आणि तोही सामान बांधण्याच्या गडबडीत. रोज रात्रीचे एक अभिवाचन कमी करून हा वेळ सहज तिप्पट करता आला असता. याउलट पहिल्या पॅकेटला आलेले मार्गदर्शकाचे सविस्तर पत्र वाचल्यावर पत्रव्यवहाराचा भाग किती भक्कम आहे, याची खात्री पटली.

खर्चाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. टेक्सास विद्यापीठाच्या मिचनर सेंटरसारख्या पूर्णवेळ अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क माफ होऊन वर निर्वाहभत्ताही मिळतो. लो-रेसिडेन्सीत दर सत्राला हजारो डॉलर आपल्याच खिशातून जातात, शिष्यवृत्त्या लहान असतात आणि प्रवासखर्च वेगळा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गांना शिकवण्याचा जो अनुभव मिळतो, तोही इथे सहसा मिळत नाही. एम.एफ.ए. ही अमेरिकेत लेखनाच्या अध्यापनासाठी अंतिम पदवी मानली जात असली, तरी नोकरीच्या आशेने येणाऱ्यांनी ही उणीव आधीच हिशेबात घ्यावी. परदेशी अर्जदारांची अडचण आणखी निराळी आहे: एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी प्रत्यक्ष हजेरीचा पूर्णवेळ अभ्यास लागतो आणि सत्राला ऑनलाइन विषय फार तर एकच धरला जातो, त्यामुळे ही रचना त्या चौकटीत सहजी बसत नाही.

जिने ही वाट पाडली ती गॉडर्ड कॉलेज ही संस्थाच २०२४ मध्ये बंद झाली, आणि याच पद्धतीच्या व्हर्माँट कॉलेज ऑफ फाइन आर्ट्सने २०२२ मध्ये माँटपीलियरमधून आपल्या रेसिडेन्सी हलवण्याचे जाहीर केले. म्हणून अर्ज करण्यापूर्वी शिक्षकांची नावे पाहण्याआधी महाविद्यालयाची आर्थिक प्रकृती पाहावी. त्यानंतर सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतात, पॅकेटला उत्तर किती दिवसांत येते आणि पसंतीक्रमातला पहिला मार्गदर्शक साधारण किती जणांना मिळतो, हे विचारावे; माहितीपत्रकात यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर बहुधा सापडते.