तीन इंडक्टर, तीन वेव्हफॉर्म: कर्सर की मेझर कमांड?

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, इंडक्टर (तारेच्या वेटोळ्याचा घटक) आणायला निघण्याआधी कोणता घ्यायचा ते घरीच ठरलेलं बरं. समजा, १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा, २०० किलोहर्ट्झचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं स्विचिंग सर्किट) आहे. २२, ४७ आणि १०० मायक्रोहेन्री असे तीन पर्याय सिम्युलेशनमध्ये स्टेप केले, म्हणजे प्रत्येकाचा एक रन एकामागून एक चालवला, की तीन वेव्हफॉर्म एकावर एक येतात. आता तिन्हींचा रिपल, म्हणजे व्होल्टेज किंवा करंटमधली बारीक वर-खाली, मोजायचा.

एलटीस्पाईस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्यात कर्सर (आलेखावरचा आकडा वाचायची सरकती रेघ) दोनच. ट्रेसच्या (आलेखातल्या रेषेच्या) नावावर क्लिक करून कर्सर लावायचा आणि वर-खाली बाणांनी एका रनवरून दुसऱ्यावर जायचं. एकदाच बघायचं असेल तर चालतं. मल्टिसिम या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा ग्राफर इथे सरस: कर्सर सरकवला की दाखवलेल्या सगळ्या ट्रेसचे आकडे एकाच तक्त्यात. मात्र लायसन्सला पैसे पडतात. कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर जरूर वापरा. कायकॅडमध्ये सिग्नलवर राइट क्लिक करून मॅक्स, मिन, आरएमएस मागता येतं. आत एनजीस्पाईस हे सिम्युलेशनचं इंजिन चालतं. आयआयटी मुंबईच्या ई-सिममध्येही तेच आहे.

तरी माझं मत विचाराल तर एलटीस्पाईसची मेझर कमांड शिका. एक ओळ लिहिली की तिन्ही रनचे आकडे लॉगमध्ये रांगेत येतात. उद्या कपॅसिटर बदलला तरी पुन्हा काही टिपून घ्यावं लागत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पीक-टू-पीक, म्हणजे सर्वांत वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक, मागताना वेळेची खिडकी (कधीपासून कधीपर्यंत मोजायचं ते) द्याच. मी एकदा ती दिली नाही आणि आउटपुटचा रिपल चक्क ५ व्होल्ट आला! सुरुवातीला आउटपुट शून्यातून चढतं, तेही त्यात धरलं गेलं होतं. शेवटची मिलिसेकंद घेतल्यावर खरा आकडा मिळाला. दुसरं म्हणजे, एलटीस्पाईस वेव्हफॉर्म कॉम्प्रेस करून ठेवतो आणि मेझर त्या साठवलेल्या डेटावरच चालतं. बारीक रिपल मोजायचा असेल तर प्लॉटविनसाइझ हा पर्याय शून्य करून कॉम्प्रेशन बंद करा.

पडताळ्याला हातानेही गणित करा. आदर्श घटक धरले तर इंडक्टर करंटचा रिपल २२ ला साधारण ०.६६, ४७ ला ०.३१ आणि १०० ला ०.१५ अँपिअर यायला हवा. त्याच कमांडने प्रत्येक रनचा मॅक्स करंटही काढून ठेवा. दुकानात नुसते मायक्रोहेन्री सांगून भागत नाही, सॅच्युरेशन करंट (ज्याच्या वर इंडक्टरचा इंडक्टन्स घसरतो तो करंट) त्या मॅक्सच्या वर आहे ना, हे विचारूनच घ्या.