महापालिकेचं नाट्यगृह, रात्रीचं सत्र : साडेतीन स्टार

आधीच सांगते, नाट्यगृहाचं नाव लिहिणार नाहीये कारण पुढच्या वर्षीची तारीख पण तिथेच मागायचीय. मुंबईच्या जवळपासचं महापालिकेचं नाट्यगृह आहे, खाली-वर मिळून आठशेच्या आसपास खुर्च्या, एवढं पुरे. आमचा हौशी गाणाऱ्यांचा ग्रुप, बँकेतून रिटायर झालेले तिघं, दोन शिक्षिका, एक डेंटिस्ट वगैरे, दरवर्षी जुन्या गाण्यांचा प्रोग्राम करतो, वादक बाहेरून बोलावतो. इतकी वर्षं शाळेच्या हॉलमध्ये करायचो, यंदा दहावं वर्ष म्हणून सगळ्यांच्या अंगात आलं आणि म्हटलं आता नाट्यगृहच.

शनिवार-रविवार विसरा. नाटकवाल्यांच्या तारखा आधी लागतात आणि उरलेल्यात आपण, आम्हाला गुरुवारची रात्र मिळाली. भाड्याचा आकडा बघून खूश होऊ नका, डिपॉझिट वेगळं, एसीचे वेगळे, बाहेरचा साउंड आणला तर विजेचे वेगळे, आणि हे सगळं तुम्ही विचारलंत तर कळतं. बुकिंगच्या मॅडम मात्र चांगल्या निघाल्या, कुठली कागदपत्रं लागतील ते हाताने लिहून दिलं. पोलीस परवानगी, आणि सिनेमातली गाणी आहेत म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं, लायसन्स. आम्हाला हे माहीतच नव्हतं, म्हणजे गाण्याचे शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस, आणि मूळ रेकॉर्ड वाजवणार असाल तर पीपीएलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या संस्थेचं, परत वेगळं. आम्ही लाइव्ह गाणार म्हणून पहिल्यावर भागलं, मध्यंतरात पेनड्राइव्हवरची गाणी लावायचा बेत मुकाट्याने रद्द. नाटक असतं तर संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट लागलं असतं, ते आमच्या मागे नव्हतं.

आता खरी गोष्ट. लोक नाट्यगृह बघायला जातात तेव्हा खुर्च्या बघतात, एसी बघतात, बाल्कनीतून स्टेज दिसतं का बघतात, आम्ही पण तेच केलं. बघायचं काय असतं तर आपल्या आधीच्या सत्रात कोण आहे ते. दिवसाला तीन सत्रं, आमच्या आधी एका डान्स क्लासचं गॅदरिंग होतं. कागदावर साडेसहाला स्टेज आमचं, साडेआठला कार्यक्रम, म्हणजे दोन तास. प्रत्यक्षात सात वाजून दहा मिनिटांनी शेवटचा ग्रुप डान्स संपला, मग बक्षीस समारंभ, मग फोटो, मग एका छोट्या परीचा मुकुट हरवला म्हणून तो शोधणं. आमचा ड्रमवाला विंगेत ड्रम घेऊन उभा, कीबोर्डवाला टेम्पोतच बसलेला. व्यवस्थापक कुठे? तर म्हणे मीटिंगला. आधीचे लोक वेळेत बाहेर काढणं हे ज्याचं काम तोच जागेवर नाही, माझा एक स्टार इथेच गेला. आणि स्टेज मिळालं तेव्हा त्यावर इतकी चमकी होती की आमचे तबलजी अजून सांगतात, डग्ग्याच्या शाईत दोन दिवस चमकी निघत होती.

आठ वाजून पाच मिनिटांनी पहिला साउंड चेक. स्पीकर सुरू केले आणि घूंऽऽऽ. माइक बंद केले तरी घूं. आमच्या साउंडवाल्याने केबल बदलल्या, मिक्सरची तारांची जुडी उपसली, घामाघूम झाला. तेवढ्यात वरच्या लाइटच्या केबिनमधून नाट्यगृहाचे इलेक्ट्रिशियन काका खाली आले, सफारी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, हातात अर्धा चहा. काही बोलले नाहीत, वर बघून हात केला, वरच्या पोराने दिवे एकदम फुल्ल केले. घूं गायब. परत हात केला, दिवे अर्ध्यावर आले, घूं हजर. काका म्हणाले, "डिमर आहे तो. फुल्ल ठेवला की गप्प, अर्ध्यावर आणला की बोंबलतो. तुम्ही सप्लाय कुठून घेतलाय?" घेतला होता विंगेतल्या सॉकेटवरून, म्हणजे दिव्यांच्याच लाइनवर. त्यांनी मागचं पॅनेल उघडून साउंडला दुसऱ्या फेजवरून लाइन काढून दिली, पाच मिनिटांत स्टेज शांत. उरलेला चहा प्यायले आणि वर गेले. मी लाखभर रुपयांच्या साउंड सिस्टिमचं कौतुक ऐकून ती ठरवली होती आणि वाचवलं कोणी तर या माणसाने.

तिसरी घंटा आठ सत्तेचाळीसला. बरं झालं नाटक नव्हतं, गाण्याच्या कार्यक्रमाला लोक वीस मिनिटं माफ करतात.

पासेस आम्ही जास्त वाटले होते (गुरुवारी कोण येतंय म्हणून, आणि सगळे आले), तीसेक जण उभे. मी डोअरकीपर मामांना म्हटलं कँटीनमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मधल्या वाटेत टाकू. नाही म्हणाले. मी भाडं भरलंय वगैरे सुनावलं, आवाज चढला माझा, कबूल करते. मामांनी फक्त दारावरच्या एक्झिटच्या हिरव्या दिव्याकडे बोट केलं आणि वाट अडवून उभे राहिले. चाळीतल्या आजोबांसारखे, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. रात्री गाडीत नवऱ्याने आठवण करून दिली, दिल्लीच्या उपहार थिएटरची आग, 1997, एकोणसाठ माणसं गेली, बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या वेळचं, 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हा मी स्वतः हळहळले होते, आणि इथे मीच खुर्च्या मागत होते. मामांना पुढच्या वेळी पेढे न्यायचेत.

बाकी भराभर सांगते. मेकअप रूमच्या आरशाभोवती दहा दिवे, लागतात तीन. बायकांच्या टॉयलेटला आतून कडी नाही, एकीने आत जायचं दुसरीने दार धरायचं, हे अजून किती वर्षं? एसी चांगला, पण सुरू व्हायला पाऊण तास, आधीच लावायला सांगा. पार्किंग फक्त बोर्डावर आहे. कँटीनचा वडा ठीक, दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातल्या वड्याची सवय असेल तर अपेक्षा घरी ठेवून या. आवाज हॉलमध्ये सुंदर घुमतो, शेवटच्या रांगेतल्या माझ्या मावशीला शब्दन् शब्द कळला, त्याला पूर्ण मार्क.

कार्यक्रम संपायला अठरा मिनिटं उशीर झाला, म्हणून डिपॉझिटमधून जादा वेळेचे पैसे कापलेत. आम्हाला स्टेजच चाळीस मिनिटांहून जास्त उशिरा मिळालं त्याचं काय, विचारलं, तर अर्ज द्या. दिला, दोन प्रतींत, एकावर आवकचा शिक्का मारून घेतलाय. पैसे परत आले की अर्धा स्टार वाढवते.