दहा महिने, नऊ पिढ्या: नॉरफोकमधलं सासरचं घराणं शोधताना

माझ्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात बारा पिढ्या सलग सापडतात. नवरा इंग्रज, त्याचं घराणं इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या शेतमजुरांचं. त्यांच्याकडे आठवण पणजोबांपाशी संपायची. मुलीला दोन्हीकडचं सांगता यावं म्हणून गेल्या वर्षी शोध सुरू केला. दहा महिन्यांत मुख्यतः चार गोष्टी वापरल्या: फ्रीबीएमडी (सरकारी जन्म-मृत्यू-विवाह सूचीची उतरवलेली प्रत), फ्रीरेग (चर्चच्या नोंदवह्यांतून उतरवलेल्या नोंदी), जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाची ऑनलाइन सूची आणि फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ. चारही ठिकाणी शोधायला पैसे लागत नाहीत, दाखला मागवला तरच लागतात. गरीब घराण्याचाही माग इतका मागे नेता येईल असं मला वाटलं नव्हतं.

१८३७ पर्यंतचा रस्ता सोपा आहे. त्या वर्षी १ जुलैपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी सुरू झाली, आणि १८४१ पासून दर दहा वर्षांची जनगणना नावानिशी मिळते. एक मात्र ध्यानात ठेवा. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यामुळे ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो. जन्मगाव आणि कुटुंबप्रमुखाशी नातं १८५१ पासून मिळतं. मी म्हणेन, सुरुवात १८५१ ला धरूनच करावी.

त्याच्या मागे चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण सगळीकडच्या टिकलेल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत बहुधा बापाचं पूर्ण नाव आणि आईचं फक्त पहिलं नाव असतं. आमच्या कुलवृत्तांतातल्या बायकांसारखंच, माहेर पुसलेलं. लग्नाची नोंद सापडेपर्यंत ती बाई कोण, हे कळत नाही. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांची सही असते. आपल्याकडे अंगठा, तिथे फुली. आमच्या घराण्यात चार पिढ्या नुसत्या फुल्या आहेत. पाचव्या पिढीतल्या मुलीने स्वतःचं नाव लिहिलंय, वेड्यावाकड्या अक्षरात. ते पान मी छापून ठेवलं आहे.

तारखांनी मला एकदा चांगलंच फसवलं. लग्न मे १७२३ चं आणि पहिल्या मुलीचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२३ चा. मी चुकीचं जोडपं धरलं असं समजून दोन आठवडे दुसरीकडे शोधत राहिले. मग कळलं की १७५२ पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपलं पाडव्याला बदलतं तसं. म्हणजे तो फेब्रुवारी लग्नानंतरचाच, आजच्या हिशेबाने १७२४ चा.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विल्यममध्ये. शेजारशेजारच्या दोन गावांत एकाच नावा-आडनावाच्या दोन विल्यमचा बाप्तिस्मा झालेला, एक १७९१ चा, दुसरा १७९३ चा. एका सशुल्क संकेतस्थळावर बऱ्याच जणांनी आपापल्या वंशवृक्षात पहिला घेतला होता. मीही घेतला, आणि तीन महिने परक्याच्या पूर्वजांमागे फिरले. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलं होतं, मूळ पान कोणी पाहिलं नव्हतं. दहा जणांनी तेच लिहिलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत.

उत्तर नॉरफोकमधल्या नॉरिच शहराच्या अभिलेखागारात मिळालं. तिथे पेन चालत नाही, पेन्सिलच न्यायची. त्या काळी माणूस उपाशी पडला की त्याला पोसायचं कोणत्या पॅरिशने, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतल्या गावाने, यावर भांडणं होत. म्हणून न्यायाधीशासमोर त्याची शपथेवर जबानी घेत. १८२३ ची ती जबानी हातात आली. जन्म कुठला, कोणत्या शेतकऱ्याकडे मायकेलमसपासून (२९ सप्टेंबरचा सण) वर्षभराच्या बोलीवर राहिला, मजुरी किती, लग्न कुणाशी. अविवाहित माणसाने सालगडी म्हणून पूर्ण वर्ष काढलं की त्या पॅरिशवर त्याचा हक्क लागे, म्हणून हे सगळं विचारलेलं. आमचा विल्यम दुसरा निघाला. मग दफनाच्या वहीत पहिला सापडला, चार वर्षांचा असतानाच गेलेला. श्रीमंतांची मृत्युपत्रं असतात, गरिबाचं आयुष्य अशा जबानीत सापडतं. गावाच्या नोंदवह्या झाल्या की हे कागद जरूर मागा.

जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे १८३७ पासून जन्माबरोबर आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूबरोबर वय मिळतं. फ्रीबीएमडीवरच्या जुन्या छापील सूचीत हे आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून आहे. शोधताना आधी मुलगा की मुलगी निवडावं लागतं, आणि वर्षही फार तर दोन मागे-पुढे धरता येतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा शोधावं लागतं. पण त्याचं फळ मिळालं.

१९११ चा जनगणनेचा कागद घरच्या कर्त्याने स्वतः भरलेला असतो. सासऱ्यांच्या आजोबांनी त्यात लिहिलंय: जन्मलेली मुलं ९, हयात ६, मृत ३. त्या तिघांची नावं घरात कुणालाच ठाऊक नव्हती. आडनाव, आईचं माहेर आणि नोंदणी जिल्हा धरून मी वर्षामागून वर्ष शोधलं. दोन मुली, एक मुलगा. दोघांचं वय शून्य, धाकटीचं तीन. सासरे ऐंशीच्या घरात आहेत. मी नावं वाचून दाखवली तेव्हा त्यांनी ती पुन्हा वाचायला सांगितली, आणि मग म्हणाले, वंशवृक्षात यांना त्यांच्या क्रमानेच लिही, शेवटी नको. तसंच लिहिलं आहे.