भाड्याची एमटीबी, भंडारदऱ्याचा फेरा आणि पाच नंबरची ॲलन की

दिवसाला ६०० रुपये भाडं, २,००० अनामत आणि आधार कार्डाची झेरॉक्स. एवढ्यावर नाशिकच्या एका दुकानाने आम्हा चौघींना चार एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या जाड टायरच्या सायकली, दिल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रार आहे, पण दुकानातला पोरगा बोलायला गोड आहे आणि पुढच्या वेळीही सायकल मी तिथूनच घेणार आहे.

चौघी एकाच भिशीतल्या: मी (वय ४९, बँकेत), माझी भावजय, एक शाळेतल्या बाई आणि एक औषधाच्या दुकानवाली. नाशकात सायकलचं वेड नवं नाही. २०१५ साली इथल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिकेतली ‘रॅम’, म्हणजे अख्खी अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत, पुरी केली, तेव्हापासून तर ते जास्तच वाढलं. आमच्याकडेही स्वतःच्या सायकली आहेत, पण बारीक टायरच्या. गंगापूर धरणापर्यंत जायचं, वाटेत मिसळ हाणायची, घरी यायचं, एवढ्यापुरत्या. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचा अख्खा फेरा त्यांच्यावर मारायचा म्हणजे वाटेत पंक्चरचं दुकान टाकून बसावं लागलं असतं. म्हणून भाड्याच्या.

सायकल कशी होती ते आधी सांगते. साडेसत्तावीस इंची चाकं, दोन इंचांहून रुंद टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, वायरीचे डिस्क ब्रेक. वजनाला भरपूर. पिकअपमध्ये चढवताना शाळेतल्या बाई म्हणाल्या, “अहो, ही सायकल आहे की शिलाई मशीन?” पण हेच वजन पुढे खडीवर बरं वाटलं. हलकी सायकल तिथे बेडकासारखी उड्या मारते.

पहाटे चारला नाशिक सोडलं. घोटी, बारी करत उजाडता शेंडीत, म्हणजे भंडारदरा धरणाजवळच्या गावात. दिवाळी नुकतीच झालेली, भातकापणी सुरू, हवेत ओल्या पेंढ्याचा वास. १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण, तिथेच आहे. आम्ही धरणाच्या अंगाने मुतखेलकडे निघालो. या दिशेने गेलं की दिवसभर पाणी उजव्या हाताला राहतं आणि अवघड भाग पाय ताजे असताना उरकतो.

रतनवाडीपर्यंत रस्ता चढउताराचा, पण माणसात आहे. जलाशयाचा एकेक फाटा आत शिरलेला, रस्ता त्याला वळसा घालतो, त्यामुळे समोर दिसणारं वळण गाठायला अर्धा तास लागतो. इथे गिअरनी चांगली साथ दिली. सगळ्यात हलक्या गिअरवर पायाला ओढ बसत नाही, चढावर बसल्या बसल्या गप्पा मारता येतात. औषधवालीने तर एका चढावर फोनवर गिऱ्हाइकाला क्रोसिनचा डोस सांगितला. सीट मात्र वैऱ्याची. शिवाय सीटचा क्लॅम्प ढिला, दर पाच किलोमीटरला सीट बोटभर खाली. दुकानात पाच मिनिटं चालवून हे कळत नाही, पंधराव्या किलोमीटरला कळतं.

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळात टेकलो. पुष्करणीच्या पायऱ्यांवर पाय पसरून बसलं की रतनगड थेट डोक्यावर येतो. डबे उघडले, गुळपोळ्या खाल्ल्या. तिथल्या एका मावशींनी विचारलं, “बाया, पुढं साम्रदला ह्याच्यावर चालल्या व्हय?” आणि हसल्या. त्या का हसल्या ते पुढे समजलं.

रतनवाडी ते साम्रद हा खरा पेपर. जंगलातली वाट, आम्हाला भेटली तेव्हा डांबर कुठे होतं आणि कुठे नव्हतं हे ठरवणं कठीण. सुटी खडी, पावसाने कापलेल्या चरी आणि मध्येच तोंडाला फेस आणणारा चढ. रुंद टायरचे पैसे इथे वसूल झाले. हवा मी मुद्दाम थोडी कमी केली होती, त्यामुळे टायर खडीवर घसरत नव्हता. भावजयीने टम्म भरून ठेवलेली, ती दोनदा आडवी झाली. (कोपर खरचटलं, बाकी ठीक. आता माझ्या भावाला सांगू नका.)

आणि उतारावर माझा मागचा ब्रेक गेला. तुटला नाही, दाबला की लिव्हर सरळ मुठीला टेकायची. पुढचा एकटा जोरात दाबला तर डोक्यावर पडायची भीती. पाय घासत, देवाचं नाव घेत खाली आले. ब्रेकचे पॅड बघितले तर झिजून पोळीच्या पापुद्र्याएवढे. म्हणजे गाडी दुकानातून निघतानाच ते संपत आलेले होते. दुकानाने दिलेली टूलची पिशवी उघडली. आत पंक्चरचे पॅच, सोल्युशन, एक पंप आणि एक जादा ट्यूब. ट्यूब सव्वीस इंची! ती साडेसत्तावीसच्या चाकात ताणून बसते, अडीअडचणीला चालते, हे मला ठाऊक होतं, म्हणून तोंड बंद ठेवलं. पण ॲलन की, म्हणजे बोल्टच्या डोक्यात घालायची षटकोनी चावी, एकही नाही. ब्रेकची वायर ज्या बोल्टने धरलेली असते तो पाच नंबरच्या ॲलन कीने सुटतो. ती माझ्या घरी, देवघराच्या खालच्या खणात.

साम्रदच्या पहिल्याच घरासमोर एक म्हातारे बाबा भाताच्या पेंढ्या रचत होते. अडचण सांगितली. ते आत गेले आणि गंजकी पक्कड, एक जुनी चावी आणि बाभळीच्या काट्याएवढा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. चावी बसेना. मग त्यांच्या नातवाने मोटारसायकलच्या डिक्कीतून ॲलन कींचा जुडगा काढला, त्यात पाच नंबर होती. मी बोल्ट ढिला केला, बाबांनी पक्कडीने वायर ओढून धरली, मी आवळला. पुन्हा ओढली, पुन्हा आवळला. लिव्हर अर्ध्यावर थांबायला लागली. बाबा म्हणाले, “आता बैलासारखी थांबल.” चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. औषधवालीने जाताना त्यांच्या गुडघ्यासाठी मलम ठेवलं. तिच्या पाठपिशवीत काय काय असतं, देव जाणे.

सांदण दरी तिथून जवळच, पण आम्ही वळलो नाही, वेळ गेला होता. घाटघरच्या कोकणकड्यावर मात्र थांबलो. घाटघरला २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे: मागणी कमी असताना खालचं पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज काढायची. शाळेतल्या बाईंनी हे सगळं वर्गात शिकवावं तसं समजावलं. भावजय म्हणाली, “पाण्याला तरी पंप आहे. आम्हाला कोण चढवतंय?”

पुढे उडदावणे, पांजरे, मुरशेत. डावीकडे आधी अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, मग कळसूबाईची रांग. रस्ता बरा, वारा समोरून. सायकलबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही, निमूट चालली. चारच्या सुमारास शेंडीत परत आलो, मोबाइलवर ४८ किलोमीटर. नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. भावजयीने तीन भाकऱ्या खाल्ल्या, मी मोजल्या.

सायकली परत करताना पोरगा ओरखडे शोधायला लागला आणि भावजयीच्या पॅडलचे २०० रुपये कापतो म्हणाला. मी झिजलेले पॅड त्याच्या हातावर ठेवले नाहीत, कारण ते चाकातच होते. पण लिव्हर दाबून दाखवली आणि सव्वीसची ट्यूब काउंटरवर ठेवली. अनामत पूर्ण मिळाली.

माझं मत विचाराल तर पाचापैकी साडेतीन. सायकल मजबूत, भाडं वाजवी, देखभालीच्या नावाने शंख. घेताना दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड टॉर्च मारून बघा, सीटचा क्लॅम्प आवळून त्यावर उभ्या उभ्या वजन टाका, जादा ट्यूबवरचा आकडा वाचा. सीट शक्यतो स्वतःची न्या. माझी सायकल सात नंबरची होती, फेब्रुवारीसाठी तीच सांगून ठेवली आहे. नवे पॅड बसवल्याचा फोटो पाठव म्हटलंय, अजून आलेला नाही.